किडे खाणाऱ्या झाडाचं बी

आमच्या घरात किडे खाणारं झाड येणार आहे, हे मी जाहीर केलं तेव्हा नवरा जेवत होता. त्याने ताट जरा स्वतःकडे ओढून घेतलं आणि म्हणाला, "अगं, आपल्याकडे कढीपत्ता जगत नाही."

तो खोटं बोलत नव्हता. ठाकुर्लीच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत तोवर दोन कढीपत्ते, एक मोगरा आणि कुणीतरी भेट दिलेला एक मनीप्लांट गेला होता. मनीप्लांट सहसा जात नाही. आमच्याकडे तोही गेला.

पण माझं ठरलं होतं. मी डोंबिवलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम करते. सकाळी सातला खुर्चीसमोर उभी राहते आणि उपाशीपोटी आलेल्या, चहा न मिळाल्यामुळे चिडलेल्या माणसांच्या हातांतल्या शिरा शोधत बसते. अकरानंतर गर्दी ओसरली की डबा खाताना मोबाईल बघायचा, एवढीच काय ती करमणूक. तिथे एकदा मी ते झाड पाहिलं. व्हीनस फ्लायट्रॅप. लाल तोंडाच्या शिंपल्यासारखं पान, कडेला काटे, आणि माशी बसली की खट्कन मिटतं. मी घास तोंडात तसाच ठेवून तो व्हिडिओ चार वेळा बघितला. जेवण झाल्यावर बी मागवून टाकलं.

घरात आम्ही तिघं. मी, नवरा आणि बाबा, म्हणजे माझे सासरे. बाबा कोलशेतच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरला लागणारं पाणी तपासायचं काम करायचे. सगळी नोकरी त्यातच गेली. सासूबाई गेल्यापासून त्यांचं बोलणं कमी झालेलं. सकाळी बुद्धवंदना, मग बाल्कनीत खुर्ची, पेपर, जेवण, पुन्हा खुर्ची. रविवारी विहारात जाऊन यायचे तेवढंच. पेपर दोन वेळा वाचायचे. दुसऱ्यांदा वाचताना जाहिरातीसुद्धा वाचायचे.

झाडाबद्दल ऐकून ते पेपरातून वर बघत म्हणाले, "खातं म्हणजे कसं? चावून?"

"नाही बाबा. पानात धरून ठेवतं आणि हळूहळू जिरवतं."

"हं," म्हणाले आणि पान उलटलं. पण मी पाहिलं, ते पुढचं पान वाचत नव्हते.

बी आलं. छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत दहा काळेभोर, चकचकीत दाणे. सोबत एक कागद, त्यावर लाल तोंडं वासलेल्या झाडाचा फोटो. मी लॅबमधून एक पेट्री डिश आणली होती. झाकणाची चपटी काचेची वाटी असते ती. त्यात ओलं केलेलं शेवाळ पसरलं आणि चिमट्याने एकेक दाणा त्यावर ठेवला. बाबा पेपर वाचायचं भिंग घेऊन शेजारी येऊन बसले.

पाचेक मिनिटं गेली असतील. बाबा ओरडले, "अगं, फुगतंय!"

मी वाकून बघितलं. खरंच. प्रत्येक दाण्याभोवती करड्या, पारदर्शक चिकाची टोपी तयार होत होती. एवढ्या लवकर? व्हिडिओत तर तीन आठवडे लागतात म्हणाले होते. मग मला एकदम उलगडा झाल्यासारखं झालं आणि मी नवऱ्याला हाक मारून सांगितलं, "बघ, किडे चिकटवायला आत्तापासूनच गोंद तयार करतंय!"

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या काकू डबा परत करायला आल्या. काकू राजापूरकडच्या. आम्ही तिघं एका बशीवर डोकं लावून बसलेलो बघून त्याही वाकल्या.

"सब्जा कशाला भिजवलास गो एवढासाच?" त्या म्हणाल्या.

"काकू, सब्जा नाही, किडे खाणाऱ्या झाडाचं बी आहे."

काकूंनी माझ्या हातातला चिमटा बाजूला सारला, बोटाने एक दाणा उचलला आणि सरळ तोंडात टाकला. दाताखाली धरून बघितलं. "सब्जा तो. दूध असेल तर आण, नि साखर."

नवरा हसत हसत आत गेला. आतून बराच वेळ त्याचं हसणं ऐकू येत होतं. मला हसूही येईना नि रडूही. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी तो फोटोचा कागद हातात घेऊन दोन्ही बाजूंनी वाचला आणि जरा रागानेच म्हणाले, "ही फसवणूक आहे. खरं बी कुठं मिळतं?"

सासूबाई गेल्यानंतर बाबांनी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न असावा. आज काय भाजी, औषध संपलं का, असले प्रश्न आणि ते आधीचं 'चावून?' सोडून म्हणते मी. तोपर्यंत मला त्या झाडाचा नाद सोडून द्यावासा वाटत होता. आता सोडता येईना.

शोधता शोधता मोबाईलवर अशी झाडं लावणाऱ्यांचा एक ग्रुप सापडला. त्यात टिटवाळ्याची एक बाई होती. ती घरी केक करून विकायची आणि उरलेल्या वेळात किडे खाणारी झाडं वाढवायची. मी तिला मेसेज टाकला. तिचं म्हणणं, फ्लायट्रॅप बियांपासून वाढवायला फार वर्षं लागतात, पहिल्यांदा करणाऱ्यांनी सनड्यू लावावं. त्याच्या पानांवर लाल केस असतात आणि प्रत्येक केसावर दवासारखा चिकट थेंब. किडा बसला की अडकतो. बी ती द्यायला तयार होती, पण आधी तिने विचारलं, "पाणी कुठलं घालणार?"

"नळाचं," मी लिहिलं.

"मग नको. या झाडांना क्षार चालत नाहीत. मुळंच जळतात. टीडीएस पन्नासच्या आत असेल असं पाणी मिळवा आणि मग सांगा."

मी हे मोठ्याने वाचलं. 'टीडीएस' ऐकल्याबरोबर बाबा खुर्चीतून उठले. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते सांगणारा हा आकडा म्हणजे त्यांच्या आख्ख्या नोकरीचं सार. त्यांनी स्टूल घेतलं, माळ्यावर चढले, मी "बाबा, पडाल" म्हणेपर्यंत एक जुनी पत्र्याची पेटी खाली आणली आणि त्यातून पेनासारखा एक मीटर काढला. रिटायर होताना बाकीच्यांनी त्यांना शाल आणि घड्याळ दिलेलं. मीटर त्यांनी स्वतः मागून घेतलेला.

"सेल आण," ते नवऱ्याला म्हणाले. हुकूमच होता तो.

पुढचे चार दिवस बाबा आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी तपासत फिरले. आधी आमचा नळ. मग गच्चीवरची टाकी. मग बोअर. बोअरचा आकडा बघून ते "अरेरे" म्हणाले, जणू कुणाच्या तरी आजाराचा रिपोर्ट आलाय. मग त्यांनी एकेका घराची बेल वाजवायला सुरुवात केली. "जरा पेलाभर पाणी द्या." लोकांना वाटायचं म्हाताऱ्याला तहान लागली. पाणी दिलं की बाबा त्यात मीटर बुडवायचे आणि आकडा खणखणीत आवाजात सांगायचे. तिसऱ्या मजल्यावर सोसायटीचे चेअरमन राहतात. त्यांनी नवाकोरा प्युरिफायर बसवलेला आणि आल्यागेल्याला ते त्याचंच पाणी पाजायचे. बाबांनी मीटर बुडवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "याच्यापेक्षा नळाचं बरं आहे हो."

संध्याकाळी चेअरमन आमच्या दारात. "तुमचे वडील घराघरात जाऊन भलतंसलतं बोलतात," ते नवऱ्याला म्हणाले. नवऱ्याने माफी मागितली. बाबा मागून म्हणाले, "आतली गाळणी, ती मेंब्रेन, बदला, आकडा खाली येईल. मी येतो बघायला." आणि गेलेसुद्धा. त्या दिवसानंतर चेअरमन प्युरिफायरबद्दल काही शंका आली की बाबांनाच फोन करायला लागले.

पाहिजे तसं पाणी शेवटी तळमजल्यावर मिळालं. तिथे एका डेंटिस्टचा दवाखाना आहे. त्याच्या एसीची नळी मागच्या बाजूला थेंब थेंब गळत असते आणि त्या जागी भिंतीला शेवाळ धरलेलं. बाबांनी त्या नळीखाली वाटी धरली. मीटर बुडवला. मग मीटर पुसून परत बुडवला. मी कामावरून येत होते, तर ते जिन्यातच भेटले. हातात वाटी, चेहरा उजळलेला.

"सात!" ते म्हणाले. "अगं, सात! असं पाणी आम्ही मशीन लावून बनवायचो. इथं गटारात चाललंय!"

डेंटिस्टला विचारून नळीखाली झाकणाचा कॅन ठेवला. मी टिटवाळ्याच्या बाईला मीटरचा फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "या."

एका रविवारी मी आणि बाबा टिटवाळ्याला गेलो. नव्या बिल्डिंगमधलं तिचं घर, आत शिरल्याबरोबर व्हॅनिलाचा वास. तिशीची बाई, कोपराला मैदा लागलेला. तिने आम्हाला आतल्या खोलीच्या खिडकीपाशी नेलं. तिथे केकचे पारदर्शक डबे ओळीने मांडलेले, आणि प्रत्येक डब्यात केकच्या जागी लालचुटुक रोपं. रुपयाच्या नाण्याएवढ्या चकत्या, प्रत्येक केसावर चमकणारा थेंब. बाबांनी हात मागे बांधले आणि एखाद्या प्रदर्शनात फिरावं तसे एकेका डब्यासमोर थांबत गेले. शेवटच्या डब्याशी वळून त्यांनी तिला विचारलं, "पाणी कुठलं?" तिने सांगितलं. त्यांनी खिशातून मीटर काढला. ती हसली आणि पेला पुढे केला. पुढचा अर्धा तास ती दोघंच बोलत होती. मी केकचा तुकडा खात बसले.

निघताना तिने बटर पेपरची एक पुडी दिली, वैद्य देतात तशी घडी घातलेली. आत बी होतं, म्हणजे ती तसं म्हणाली. मला त्यात शिसपेन्सिलीच्या टोकाची पूड दिसली.

"हे मातीत पुरायचं नाही," तिने बजावलं. "नुसतं वरून भुरभुरायचं. याला उजेड लागतो, झाकलं गेलं तर रुजत नाही. खत अजिबात नाही. आणि पेरताना श्वास रोखून धरा, एवढं हलकं असतं."

घरी येऊन आम्ही तयारी केली. केकच्या डब्यात शेवाळाची पूड आणि धुतलेली वाळू, वर डेंटिस्टचं पाणी. जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद अंथरला. पंखा बंद केला. नवऱ्याला आतल्या खोलीत पाठवलं. बाबा म्हणाले, "तुझा हात स्थिर आहे, तू पेर. मी पुडी धरतो." त्यांनी पुडीची घडी उलगडली, दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली. मी चिमट्याच्या टोकावर थोडी पूड घेतली, डब्यात भुरभुरली. पुन्हा घेतली. भुरभुरली. तिसऱ्यांदा चिमटा पुढे केला तेव्हा बाबांचा चेहरा काहीतरी आठवल्यासारखा झाला. डोळे बारीक झाले. तोंड उघडलं.

"बाबा, नाही," मी म्हणाले.

ती शिंक खालच्या मजल्यावरही ऐकू गेली असावी.

कागद कोरा होता. पुडी कोरी होती. माझ्या चष्म्यावर दोन काळे ठिपके होते, तेवढे मी चिमट्याने डब्यात टाकले. नवरा दारात येऊन म्हणाला, "झालं पेरून?" बाबा तसेच, पुडी धरलेले हात पुढे करून बसलेले. मग हळूच म्हणाले, "वाळूच्या धुळीमुळे असेल." थोड्या वेळाने म्हणाले, "माझी चूक आहे." मी म्हटलं, दोन चिमटे पडलेत ना डब्यात, पुरे झाले. पण रात्री जेवताना त्यांनी पोळी एकच खाल्ली.

त्यानंतर वाट बघणं. डबा बाल्कनीत, सकाळचं कोवळं ऊन येईल असा. बाबांचा रोजचा कार्यक्रम बदलला. वंदना झाली की आधी डबा, मग पेपर. रोज साडेअकराला, माझ्या डब्याच्या वेळेला, मला त्यांचा मेसेज यायचा. "आज काही नाही." दुसऱ्या दिवशी, "आज काही नाही." एकदा आला, "बुरशी." मी घाबरून फोन केला. ती बुरशी नव्हती, नवऱ्याच्या बनियनचा दोरा होता. चौथा आठवडा संपला. लॅबमधल्या बाकीच्या मुली मला विचारायला लागल्या, "आज काही?" आणि मी मान हलवायचे. त्या वेगळंच काहीतरी समजून माझ्याकडे सहानुभूतीने बघायच्या, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

पाचव्या आठवड्यात एका मंगळवारी मेसेज आला. "आज काहीतरी."

सोबत फोटो होता, संपूर्ण हिरवा आणि संपूर्ण अंधुक. घरी आल्यावर चपला न काढता मी बाल्कनीत गेले. बाबांनी माझ्या हातात भिंग दिलं आणि टाचणीने दाखवलं. "इथं. नाही, तिथं नाही, ते शेवाळ आहे. इथं." दिसलं. टाचणीच्या डोक्याहूनही बारीक, दोन हिरवी पानं. म्हणजे पानं म्हणायची आपली. "मोजून अकरा आहेत," बाबा म्हणाले. "तीनदा मोजलीत."

दोन आठवड्यांत पहिलं खरं पान आलं. त्यावर चार-पाच लाल केस, केसांच्या टोकाला थेंब. थेंब भिंगातूनच दिसायचे, पण होते. काकू येऊन बघून गेल्या. बराच वेळ भिंग डोळ्याला लावून त्या म्हणाल्या, "अगो, असलंच काहीतरी आमच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, असतं. पावसात. गुरं चारायला जायचो तेव्हा पायाखाली चिकचिक व्हायची." आमचा त्यावर विश्वास बसला नाही. सब्जा ओळखणं वेगळं आणि हे वेगळं.

रोपं नखाएवढी झाली आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला एका सकाळी त्यांनी पहिला किडा धरला. कुंड्यांभोवती घोंघावतं ना, त्यातलंच एक चिलट. बाबांनीच पाहिलं. मला वाटलं होतं, त्यांना आनंद होईल. ते पेपर न उघडता खुर्चीत बसून होते.

"काय झालं बाबा?"

"जिवंत आहे अजून," ते म्हणाले. "पाय हलवतंय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबा पंचशील पाळतात आणि मनापासून पाळतात. जीव घ्यायचा नाही, हे त्यातलं पहिलंच शील. आमच्या घरी डास मारायची रॅकेट आहे, पण ती नवरा स्वयंपाकघराचं दार लावून वापरतो. बाबा डासाला टॉवेलने खिडकीपर्यंत हाकत नेतात. इतके महिने आम्ही टीडीएस, शेवाळ आणि ऊन यांत एवढे गुंतलो होतो, की हे झाड शेवटी करणार काय, याचा विचारच कुणी केला नव्हता.

"पण बाबा, मारतं ते झाड. आपण नाही."

"लावलं कुणी?"

त्या रविवारी त्यांनी विहारात विषय काढला. तिथे त्यांच्या वयाच्या मंडळींत भांडणच लागलं. एकाचं म्हणणं, मांजर पाळणं चालतं तर हे का नाही? दुसऱ्याचं म्हणणं, मांजर आपण उंदरासाठी पेरत नाही. शेवटी बाबांनी तिथे आलेल्या भन्तेंना विचारलं. मोबाईलवरचा फोटो दाखवला. भन्तेंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, बराच वेळ बघितला, "सुंदर आहे" म्हणाले आणि मोबाईल परत दिला.

"उत्तरच दिलं नाही," बाबा घरी येऊन चिडून म्हणाले.

त्यांनी स्वतःपुरता एक मार्ग काढला. आपण हाताने काही खायला घालायचं नाही. येईल तो किडा आपल्या पायांनी येईल. रोपांना भरवायला मी मागवलेला माशांच्या खाद्याचा डबा त्यांनी चेअरमनच्या फिशटँकला देऊन टाकला. आठवडाभर बरं चाललं.

मग एका शनिवारी मी दुपारी घरी आले तर बाबा बाल्कनीत पाठमोरे. खांदे पडलेले. समोर डबा उघडा, हातात माझा लॅबचा बारीक चिमटा. मला बघून त्यांनी चिमटा लपवायचा प्रयत्न केला, मग लपवला नाही.

"नुकतंच बसलं होतं," ते म्हणाले. "सुटायची धडपड चालली होती. म्हटलं, सोडवावं."

"मग?"

त्यांनी तळहात पुढे केला. तळहातावर आमच्या अकरांतलं सगळ्यात मोठं रोप, मुळासकट उपटून आलेलं, अर्धं चुरगळलेलं. आणि त्याला चिकटलेलं चिलट. तेही मेलेलं.

"एकाला वाचवायला गेलो," बाबा म्हणाले, "आणि दोघंही गेले."

मला हसू आलं असतं, पण त्यांचा आवाज तसा नव्हता. डोळे भरलेले. सासूबाई गेल्या तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. हॉस्पिटलचे कागद, माणसांना फोन, सगळं त्यांनी एकट्याने नीट केलं होतं. आता नखाएवढं रोप हातावर घेऊन रडत होते. मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. टिटवाळ्याला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि काय झालं ते सांगितलं.

"उपटलं? हात्तिच्या!" पलीकडून मिक्सरच्या आवाजात ती ओरडली. "काका, रडताय काय? एखादं पान धड आहे ना? ते तोडा आणि तुमच्या त्या सातवाल्या पाण्यात तरंगत ठेवा. पानाला नवीन रोपं फुटतात. एकाची चार होतील!"

बाबांनी नाक पुसलं. "पाण्यात? नुसत्या?"

"नुसत्या. पण स्वच्छ पाहिजे हां."

"ते माझ्यावर सोड," बाबा म्हणाले.

मी लॅबमधून एक नवी काचेची नळी आणली. बाबांनी तीन धड पानं त्यात सोडली, पाणी तपासून. दर दोन दिवसांनी पाणी बदलायचे, दर वेळी मीटर बुडवून. दोन पानं काळी पडून कुजली. तिसऱ्या पानाच्या कडेवर महिन्याभराने हिरवे फोड आले, आणि प्रत्येक फोडातून केसाळ पिटुकलं रोप. चार नव्हती, तीन होती. पण बाबांनी टिटवाळ्याला फोन करून चार म्हणून सांगितलं. "तिचा शब्द पडायला नको," ते मला म्हणाले. हे कुठल्या शीलात बसतं, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर त्यांनी किडे सोडवणं बंद केलं. एकदा मी बघितलं, एक चिलट अडकलं होतं आणि बाबा हात जोडून काहीतरी पुटपुटत होते. मग वळून पेपर वाचायला लागले.

गणपतीत काकू गावी गेल्या आणि चौथ्या दिवशी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. कधी आभाळ दिसत होतं, कधी त्यांची साडी. "बघा भावोजी, बघा! मी म्हणत नव्हते?" त्यांनी फोन खाली धरला. काळा, ओला कातळ, आणि त्यावर लांबवर लाल ठिपके पसरलेले. आमच्यासारखेच, चकत्याचकत्यांचे. मधे मधे निळी फुलं होती. काकू म्हणाल्या, ही सीतेची आसवं. मी टिटवाळ्याला विचारून घेतलं तर ती म्हणाली, तेही किडेच खातं, मुळापाशी, पाण्यात. काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "काय मेलं! आम्ही लहानपणी त्यांची कीव करायचो."

बाबा मात्र स्क्रीनकडे बघत राहिले होते. "वहिनी, फोन जरा डावीकडे घ्या," ते सांगत होते. "अजून. अजून डावीकडे." सडा संपत नव्हता. शेवटी म्हणाले, "एवढ्यांचं पाणी कोण बघतं?"

थंडी सुरू झाली तशी सगळ्यात जुन्या रोपाच्या मधोमध एक दांडा वर आला. टोकाला गुंडाळलेला, नेच्याच्या कोंबासारखा. तो रोज थोडा थोडा उलगडायचा आणि त्यावर कळ्यांची रांग दिसायला लागली. टिटवाळ्याची बाई म्हणाली, रोज एकच कळी उघडते, तीही सकाळच्या उन्हात, आणि दुपारपर्यंत मिटते. आणि त्या वेळेला मी नेमकी कुणाच्या तरी दंडाला पट्टा बांधत असते.

पहिली कळी उघडली त्या दिवशी सकाळी दहाला बाबांचा फोन आला. मेसेज नाही, फोन. समोर एक काका बाही वर करून बसलेले. मी उचलू शकले नाही. दुपारी घरी आले तर बाबा दारातच उभे.

"कसं होतं?"

"गुलाबी," ते म्हणाले. "पाच पाकळ्या. तांदळाच्या दाण्याएवढं." मग खुर्चीत बसून त्यांनी मला ते फूल कसं उमललं, कधी अर्धं उघडलं, ऊन कुठून आलं, नवरा ऑफिसला निघताना थांबून कसा बघून गेला, "एवढंसं?" म्हणाला आणि त्यामुळे त्याची गाडी कशी चुकली, हे सगळं सविस्तर सांगितलं. चहा झाला, तो निवला, तरी त्यांचं सांगणं चालूच होतं. मी भिंग घेऊन बघितलं. मिटलेली कळी, बाकी काही नाही.

"उद्या त्याच्या वरची उघडेल," बाबा म्हणाले. "तुला उद्या सुट्टी आहे का?"

"नाही हो, परवा आहे."

"मग परवाचं बघ," ते म्हणाले आणि बोटाने दांड्यावरच्या कळ्या मोजायला लागले. "अजून सात आहेत."